जाहीर आणि अनुक्त : जुन्या जाहिरातींतील मूल्यांचा एक विचार

१

जुन्या जाहिरातींकडे पाहण्याची एक रीत अलीकडे आपल्याकडे रूढ झाली आहे. साबण, केशतेल, बिस्किटे, बालकांची औषधे यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या जाहिराती चौकटीत बसवून उपाहारगृहांच्या भिंतींवर लावल्या जातात, दिवाळी अंकांतून पुनर्मुद्रित होतात, भ्रमणध्वनीवरून एकमेकांना धाडल्या जातात. त्या पाहताना होणारा आनंद बव्हंशी स्मरणरंजनाचा असतो. जुनी अक्षरवळणे, जुनी भाषा, आण्यांतील किंमत, ‘व्ही. पी.ने मागवा’ ही सूचना या सगळ्यांत एक निरागसपणा आहे असे आपल्याला वाटते. या आनंदाच्या जोडीला एक समजूत असते : जाहिरात हा त्या काळाचा आरसा होय. समाज जसा होता तसा तो तीत दिसतो, म्हणून जाहिरात पाहिली की काळ पाहिला.

ही समजूत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. जाहिरातीत काळाची मूल्ये असतात याविषयी दुमत नाही. ती नेमकी कोठे असतात, आणि ती सापडल्यावर त्यांच्याविषयी नैतिक निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला पोचतो काय, हे दोन प्रश्न मात्र वाटतात तितके सरळ नाहीत. चर्चेसाठी मी मुख्यतः रत्नागिरीशी संबंधित उदाहरणे घेतली आहेत. त्यामागे प्रादेशिक अभिमान नाही. आधुनिक मराठी समाजाच्या नैतिक वादांतील परस्परविरोधी पक्ष या एकाच जिल्ह्यातून इतक्या संख्येने उभे राहिले की, ‘त्या काळी सगळेच तसे होते’ हे विधान येथे इतर कोठल्याहीपेक्षा लवकर खोटे पडते.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘जाहिरात’ हा शब्द ‘जाहीर’ या अरबी मुळाच्या शब्दावरून आला. त्याचा अर्थ उघड, बाहेरून दिसणारे. अरबी विचारपरंपरेत त्याच्या समोर ‘बातिन’ हा शब्द उभा असतो : आतले, झाकलेले. मराठीने यांपैकी एकच शब्द उचलला. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि अनेक अरबी-फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यांतले काही आज आपल्या बोलण्यात सहज येतात. ‘जाहिरात’ मात्र टिकून राहिली. हिंदीप्रमाणे ‘विज्ञापन’ मराठीत रुजले नाही. हा शब्द राहिला हे एका अर्थी बरे झाले, कारण त्यातच आपला प्रश्न दडलेला आहे : जे जाहीर केले गेले त्याच्या मागे काय अनुक्त राहिले?

२

आरशाची उपमा अपुरी आहे हे पाश्चात्त्य अभ्यासकांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. रोलाँ बार्थने ‘मायथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकात साबण आणि धुलाईची भुकटी यांच्या जाहिरातींवर लिहिताना इतिहासाने घडवलेली गोष्ट निसर्गसिद्ध म्हणून कशी सादर होते याचे विश्लेषण केले. रेमंड विल्यम्सने जाहिरातीला जादूची व्यवस्था म्हटले. आपला समाज पुरेसा भौतिकवादी नाही, म्हणून वस्तूला वस्तूपलीकडचे अर्थ चिकटवावे लागतात, हा त्याचा मुद्दा आजही विचार करायला लावणारा आहे. रोलंड मार्चंडने १९८५ मध्ये अमेरिकन जाहिरातींचा इतिहास लिहिताना आरशाची उपमा टाकून न देता ती वाकड्या आरशाची केली : समाज जसा होता तसा दिसत नाही, त्याला जसे दिसावेसे वाटत होते तसा दिसतो.

हे विवेचन मान्य केले तरी एक अडचण उरते. वाकड्या आरशातून सरळ प्रतिमा मिळवायची, तर वाक कोठे आहे हे ठाऊक हवे. त्यासाठी जाहिरातीच्या वाक्यांचे प्रकार वेगळे करता आले पाहिजेत. या कामी मला आपल्याच परंपरेतील एक साधन उपयोगी वाटते. पूर्वमीमांसेने वेदवाक्यांचे विधी आणि अर्थवाद असे भेद केले. विधी काही करण्याची आज्ञा देतो. अर्थवाद स्तुती किंवा निंदा करून त्या आज्ञेकडे मन वळवतो. अर्थवादाचे वाक्य स्वतंत्रपणे काही सिद्ध करायला आलेले नसते, ते विधीच्या सेवेत असते. रत्नागिरी जिल्ह्याचेच सुपुत्र महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात मीमांसेचे हे नियम सविस्तर मांडले आहेत. जाहिरातीची रचना नेमकी अशी असते हे वेगळे सांगायला नको. ‘आजच मागवा’ हा विधी, बाकी सारा मजकूर अर्थवाद.

अर्थवादाचेही तीन प्रकार सांगितले आहेत. जे प्रत्यक्षाशी उघड विरोधी, म्हणून गौण अर्थानेच घ्यावयाचे, तो गुणवाद. यज्ञातील खांबाला सूर्य म्हणणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. जे अन्य प्रमाणाने आधीच ठाऊक आहे त्याचा पुनरुच्चार तो अनुवाद. अग्नी हे थंडीवरचे औषध आहे, हे सांगायला वेद लागत नाही. आणि जे प्रत्यक्षाच्या विरोधी नाही व आधी ज्ञातही नाही, तो भूतार्थवाद.

ही विभागणी जुन्या जाहिरातींना लावून पाहावी. डोंगरे यांच्या बालामृताची जाहिरात महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी पाहिली. औषधाला अमृत म्हणणे हा गुणवाद झाला. ते पिऊन मूल अमर होईल असे कोणी समजत नव्हते, आणि कोणी फसतही नव्हते. दुकानाचा पत्ता, बाटलीची किंमत, टपालखर्च हा भूतार्थवाद. मग काळाची मूल्ये कोठे आहेत? माझ्या मते ती अनुवादात आहेत. मूल बाळसेदार असावे, ते तसे नसेल तर आईचे काही चुकले, आणि ती चूक विकत घेतलेल्या बाटलीने भरून निघते, हे अशी जाहिरात सिद्ध करीत बसत नाही. ते वाचकाला आधीच ठाऊक आहे असे धरून चालते. ज्या काळात अर्भकमृत्यूचे प्रमाण भयानक होते, दूषित पाणी, कोंदट चाळी आणि लागोपाठची बाळंतपणे ही त्याची कारणे होती, त्या काळात आईची भीती हे या व्यापाराचे भांडवल होते. औषध चांगले होते की वाईट, हा प्रश्न येथे गौण आहे. मृत्यूची सामाजिक कारणे अनुक्त राहिली आणि आईची जबाबदारी अनुवाद म्हणून आली, हे महत्त्वाचे.

येथे मीमांसेपासून एक पाऊल दूर जावे लागते. मीमांसकांच्या अनुवादात जे आधी ज्ञात असते ते प्रत्यक्षादी प्रमाणांनी ज्ञात असते. अग्नीची ऊब कोणालाही कळते. जाहिरातीच्या अनुवादात जे ज्ञात म्हणून येते ते प्रत्यक्ष नसून रूढी असते, पण ती प्रत्यक्षाचा वेष घेऊन येते. बार्थ ज्याला इतिहासाचे निसर्गीकरण म्हणतो ते हेच. दुसरा भेद अधिक गंभीर आहे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कर्ता नाही, म्हणून फसवण्याचा हेतूही नाही. अर्थवादाला सत्यासत्याच्या कसोटीतून सूट मिळते ती या भूमिकेवर. जाहिरातीला कर्ता आहे, आणि वाचकाने विश्वास ठेवण्यात त्या कर्त्याचा लाभ आहे. म्हणून ती सूट जाहिरातीला देता येत नाही.

३

या साधनाने एक गुंतागुंतीचे उदाहरण तपासू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी नियतकालिके चाळणाऱ्याला धातुपौष्टिक औषधांच्या जाहिरातींची विपुलता जाणवल्याशिवाय राहत नाही. शक्ती, तेज, ओज, पुरुषत्व हे शब्द तेथे मोकळेपणाने वावरतात. त्यांतला अनुवाद असा की, देशी पुरुष दुर्बल झाला आहे, त्याची दुर्बलता वीर्यनाशाने आली आहे आणि तिच्याविषयी डॉक्टरशी बोलण्यापेक्षा टपालाने गोळ्या मागवणे बरे. पारतंत्र्याचा न्यूनगंड आणि ब्रह्मचर्याची जुनी कल्पना यांची ही गुंफण होती. या जाहिराती सभ्य घरात येणाऱ्या अंकांतून छापल्या जात आणि त्यांनी कोणाच्या अभिरुचीला सहसा धक्का बसत नसे.

आता याच्या शेजारी र. धों. कर्वे यांना ठेवावे. रघुनाथ कर्वे हे दापोली तालुक्यातील मुरूडच्या घराण्यातले. १८९३ मध्ये विधवेशी विवाह करून बहिष्कार सोसलेल्या धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ चिरंजीव. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालवले. कर्व्यांचे लिखाण रुक्ष, शास्त्रीय आणि निःसंदिग्ध होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. खटला गमावला गेला. लैंगिक शक्ती वाढवण्याचे खोटे आश्वासन विनासायास छापले जात होते. हस्तमैथुनाने शक्तिपात होत नाही हे वाचकाच्या प्रश्नाला दिलेले खरे उत्तर मात्र दंडनीय ठरले.

समाजाची मूल्ये शोधणाऱ्याला या दोन मजकुरांपैकी कोणताही एक पुरेसा नाही. धातुपौष्टिकाची जाहिरात एकटी पाहिली तर तो समाज लैंगिकतेविषयी मोकळा होता असा निष्कर्ष निघेल. खटला एकटा पाहिला तर सोवळा होता असा निघेल. दोन्ही शेजारी ठेवले की खरा नियम दिसतो. बोलण्यास बंदी नव्हती. भीतीच्या भाषेत बोलायला मुभा होती, ज्ञानाच्या भाषेत नव्हती. हा नियम कोणत्याही एका जाहिरातीत लिहिलेला नाही. तो दोन मजकुरांच्या दरम्यानच्या अंतरात आहे.

कथेचा पुढचा भागही बोधप्रद आहे. १९५४ मध्ये संसदेने औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर निर्बंध घालणारा कायदा केला. त्यात लैंगिक शक्ती वाढवण्याच्या दाव्यांना बंदी आली हे उचितच होते. परंतु त्याच कलमात स्त्रियांच्या गर्भप्रतिबंधाच्या औषधांच्या जाहिरातींनाही बंदी आली. भोंदूगिरी आणि कर्व्यांचे जीवितकार्य कायद्याने एका ओळीत बसवले. शासनाच्या जाहिरातींना त्यातून सूट होती. पुढे काही वर्षांतच कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगवला गेला. १९३४ मध्ये जे अश्लील होते ते राष्ट्रकार्य झाले. या बदलाचे श्रेय जाहिरातीला देता येणार नाही. एकाकी माणसाने आधी किंमत मोजली आणि जाहिरात मागाहून आली.

याच कायद्याला आव्हान देणाऱ्या हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले की, निव्वळ व्यापारी जाहिरात ही विचारप्रसाराच्या अर्थाने भाषणस्वातंत्र्यात मोडत नाही. १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात त्याच न्यायालयाने व्यापारी भाषणालाही त्या स्वातंत्र्याचे संरक्षण दिले आणि माहिती मिळण्याच्या ग्राहकाच्या हक्काचा आधार घेतला. आपल्या परिभाषेत सांगायचे तर १९५९ च्या निकालाने जाहिरातीतील विधी पाहिला, १९९५ च्या निकालाने भूतार्थवाद. अनुवाद मात्र दोन्ही वेळा न्यायालयाच्या कक्षेबाहेर राहिला, आणि तो तसा राहणे स्वाभाविकही आहे. रूढीवर खटला भरता येत नाही. म्हणूनच ते काम टीकेचे आहे.

४

जाहिरात म्हणजे केवळ छापील मजकूर नव्हे. दुकानावरची पाटी हीदेखील जाहिरातच. १९३१ मध्ये रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने पतितपावन मंदिर उभे राहिले आणि ते सर्व हिंदूंना खुले झाले. पाठोपाठ १९३३ मध्ये सावरकरांच्या प्रेरणेने ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ सुरू झाले. तेथे पूर्वास्पृश्य मानलेल्या जातीच्या हातचे खाद्यपेय सर्वांना मिळत असे. त्या काळातील उपाहारगृहांच्या पाट्यांवर मालकाची वा स्वयंपाक्याची जात सांगणे हा सोवळ्या गिऱ्हाइकाला दिलेला दिलासा असे. त्या पार्श्वभूमीवर ही पाटी हे निःसंशय धाडस होते. रोटीबंदी तोडणे ही त्या दिवसांत सभेत टाळ्या मिळवण्याइतकी सोपी गोष्ट नव्हती. चहाचा पेला ओठाला लावावा लागे.

या पाटीतील शब्द वाचावेत. ‘अखिल’ या शब्दात एक अनुवाद आहे : इतर उपाहारगृहे अखिल हिंदूंची नाहीत. पाटी समाजाच्या चालू नियमावर बोट ठेवते आणि तो मोडते. जाहिरात रूढीच्या विरोधातही उभी राहू शकते याचे हे उदाहरण आहे, आणि ‘जाहिरात म्हणजे प्रस्थापित मूल्यांचे प्रतिबिंब’ या सिद्धान्ताला ते छेद देते. पण पाटीवर दुसराही शब्द आहे. ‘हिंदू’ या शब्दाने जो परीघ आखला त्याबाहेर रत्नागिरीतीलच कोकणी मुसलमान, दालदी मच्छीमार, ख्रिस्ती ही मंडळी राहिली. ज्या मोकळेपणाने एक भिंत पाडली त्याच शब्दयोजनेने दुसरी भिंत अधोरेखित केली. समर्थक पहिल्या शब्दापाशी थांबतात, विरोधक दुसऱ्या शब्दापाशी. पाटी वाचायची तर दोन्ही शब्द वाचले पाहिजेत, आणि ती एकाच वेळी मुक्त करणारी व मर्यादा घालणारी होती हे कबूल केले पाहिजे. ऐतिहासिक कृतींचा नैतिक अर्थ बहुधा असा संमिश्रच असतो.

५

यापुढचे उदाहरण अशा जाहिरातीचे आहे जी प्रसिद्धच झाली नाही. माझ्या मते या विषयातील सर्वांत बोलका पुरावा तोच आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. पत्र निघत असल्याची जाहिरात पैसे घेऊन छापावी अशी विनंती ‘केसरी’ला करण्यात आली आणि ती नाकारण्यात आली. आंबेडकरांनी पुढे या नकाराचा उल्लेख केला. रत्नागिरीत जन्मलेल्या धनंजय कीर यांनी आंबेडकरांच्या १९५४ मधील चरित्रात त्याची नोंद करताना, त्या वेळी टिळक हयात होते, हेही लक्षात आणून दिले. कीर यांनी टिळकांचेही चरित्र लिहिले आणि सावरकरांचेही, म्हणून ही नोंद एकाच पक्षाच्या लेखणीतून उतरली असे म्हणता येत नाही. टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीचा. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले. एका जिल्ह्याच्या मातीशी नाते सांगणारी ही दोन घराणी एका जाहिरातीच्या प्रश्नावर समोरासमोर यावीत, यात योगायोगापलीकडे काही आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, जाहिरात नाकारणे हा संपादकाचा अधिकार आहे आणि पुष्कळदा ते नीतिमत्तेचे लक्षण असते. गांधीजींची ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’ ही पत्रे जाहिराती घेत नसत, आणि त्याबद्दल आपण त्यांना नावे ठेवीत नाही. हा आक्षेप खरा आहे, पण येथे लागू पडत नाही. गांधीजींचा नकार सरसकट होता. सर्वांना सारखाच लागू असलेला नियम कोणाचा अवमान करीत नाही. ज्या पत्राला औषधे, पुस्तके, नाटके यांच्या जाहिराती चालतात, त्याने एकाच प्रकारची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही नाकारली, तर तो नकार मूल्यविधान ठरतो. बाजाराचा नियम पैसा पाहतो, माणूस पाहत नाही, असे बाजाराचे समर्थक सांगतात. येथे जातीने बाजाराचाही नियम बाजूस सारला. रुपया स्पृश्य होता, तो देणारा हात नव्हता.

दुसरा आक्षेप कालविपर्यासाचा. आजच्या मापाने कालच्या माणसांना मोजणे अन्याय्य आहे, त्यांना त्यांच्या काळाच्या मूल्यांनीच पाहावे, असे म्हटले जाते. मला यात एक गृहीत चुकीचे वाटते. ‘त्या काळाची मूल्ये’ हे एकवचनी, एकसंध असे काही असते, हे ते गृहीत. १९२० मध्ये अस्पृश्यता चुकीची आहे हे सांगायला एकविसावे शतक उजाडण्याची गरज नव्हती. खुद्द टिळकांनी १९१८ मध्ये मुंबईच्या परिषदेत अस्पृश्यतेच्या विरोधात भाषण केले होते. त्याच परिषदेतील, व्यक्तिगत आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर मात्र त्यांनी स्वाक्षरी केली नाही. मूल्य ठाऊक होते, व्यासपीठावरून उच्चारलेही गेले होते. अडले ते स्वाक्षरीशी आणि, ‘केसरी’च्या बाबतीत, जाहिरातीच्या रकान्याशी. तेव्हा आपण त्या काळाला बाहेरचे माप लावीत नाही. ‘मूकनायक’ काढणारे, शाहू महाराज, पुढे कर्वे ही सारी त्याच काळाची माणसे होती. त्यांना वगळून ‘काळ’ या शब्दाची व्याख्या करणे म्हणजे ज्यांनी जाहिरात नाकारली त्यांच्याच हाती काळाचे मुखत्यारपत्र देणे होय.

निवाडा करण्याचा अधिकार पोचतो, असे माझे उत्तर आहे, पण त्याला एक मर्यादा आहे. निवाडा कृतीचा आणि प्रथेचा करावा, व्यक्तीच्या अंतःकरणाचा नव्हे. नकार कोणत्या टेबलावर, कोणाच्या हातून दिला गेला यावर या युक्तिवादाचे वजन अवलंबून नाही. असा नकार देणे शक्य होते आणि त्याने पत्राच्या प्रतिष्ठेला बाध आला नाही, एवढे पुरेसे आहे.

या उदाहरणातून अभ्यासपद्धतीविषयीही एक निष्कर्ष निघतो. जुन्या जाहिरातींचा संग्रह कितीही परिपूर्ण केला तरी न छापलेली जाहिरात त्यात असणार नाही. आणि छापलेल्यांचीही अवस्था बिकट आहे. नियतकालिकांचे वर्षभराचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत आपल्या अनेक ग्रंथालयांत होती. १८२८ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयासारख्या संस्थांनी मराठी वाचनसंस्कृती जपली. पण बांधणावळीच्या या सर्वत्र रूढ असलेल्या रीतीने वाङ्मय कोणते आणि कचरा कोणता, याचा निर्णय टीकाकाराआधीच होऊन गेला. जे पान टाकाऊ मानले गेले तेही एक मूल्यविधानच होते.

६

जाहिरातीची मूल्ये अनुवादात असतात हे खरे असेल तर ती ओळखण्यासाठी काळाचे अंतर लागते. कालचा अनुवाद आपल्याला दिसतो, कारण तो आता आपल्याला ज्ञात म्हणून मान्य नसतो. १९३० च्या दशकात लीला चिटणीस या चित्रपटात आल्या तेव्हा त्या पदवीधर व कुलीन महाराष्ट्रीय स्त्री आहेत, हे जाहिरातीत आवर्जून सांगितले गेले. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. कुलीनतेची ती ग्वाही आज आपल्याला खटकते, कारण अभिनेत्रीच्या चारित्र्याविषयीचा संशय तीत गृहीत आहे. त्वचा गोरी करण्याचे आश्वासन देणारे ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आले. त्याचे नाव बदलायला २०२० साल उजाडावे लागले. पंचेचाळीस वर्षे त्यातला अनुवाद कोट्यवधी घरांत अग्नीच्या उबेसारखा सर्वज्ञात राहिला. नाव बदलल्याने तो नाहीसा झाला असे मानणे भाबडेपणाचे होईल.

मग आजचा अनुवाद कोणता? त्यासाठी रत्नागिरीच्याच आजच्या सर्वांत मोठ्या जाहिरातीकडे वळावे. चैत्र-वैशाखात मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ‘अस्सल रत्नागिरी हापूस’ ही पाटी पावलोपावली दिसते. गावाचे नावच येथे जाहिरात झाले आहे. अन्य प्रांतांतील आंबाही याच नावाने विकला जातो, म्हणून २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. ‘अस्सल’ या शब्दातील भूतार्थवाद आता कायद्याने तपासता येतो, हे चांगलेच झाले.

पण अनुवाद? ‘अस्सल’ फळाच्या मागे जांभ्या दगडाची भूमी, समुद्राची हवा आणि पिढ्यान्‌पिढ्या बाग राखणारे घर असे चित्र असते. ते खोटे नाही, अपुरे आहे. आज रत्नागिरीच्या कित्येक बागांत फवारणी, राखण आणि आंबे उतरवण्याचे काम नेपाळहून आलेले मजूर करतात. हंगामभर ते बागेतच खोपीत राहतात. पेटीवरच्या चित्रात ते नसतात. एके काळी याच जिल्ह्यातील माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबत आणि गावी मनिऑर्डर पाठवीत, आणि त्या गिरण्यांच्या कापडाच्या जाहिरातींतही त्यांची चित्रे नसत. परक्या गावी जाऊन राबणे म्हणजे काय, हे ज्या प्रदेशाने सर्वांत आधी जाणले, त्याच्या नावाच्या जाहिरातीत आज दुसरा परदेशी मजूर अनुक्त आहे. पेटी विकत घेताना हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या मनात येते. मी स्वतःला त्यातून वगळत नाही.

जुन्या जाहिरातींचा अभ्यास स्मरणरंजनापलीकडे नेण्याचे प्रयोजन येथे दिसते. ‘ते लोक असे होते’ हे सिद्ध करून स्वतःची पाठ थोपटण्यासाठी तो करायचा नसतो. कालच्या जाहिरातीत काय धरून चालले होते आणि कोणाला वगळले होते, हे पाहण्याची सवय डोळ्याला लागली, तर तीच नजर समोरच्या पाटीकडे वळवता येते. ‘मूकनायक’ची जाहिरात नाकारणाऱ्यालाही आपण काही विशेष करीत आहोत असे वाटले नसावे. प्रथेतून घडणाऱ्या अन्यायाची खूण हीच की, करणाऱ्याला तो कृती म्हणून जाणवतच नाही. म्हणून प्रत्येक काळाने आपल्याविषयी विचारावा असा प्रश्न एवढाच उरतो : आपल्या रकान्यात आज कोणाची जाहिरात येत नाही, आणि ती येत नाही हे आपल्या लक्षात तरी आले आहे काय?